मागचा दिवा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तिसराही गेला! मोटरसायकलच्या मागच्या दिव्याचा बाजारातला एलईडी बल्ब. दोन महिनेसुद्धा टिकला नाही. फोडून पाहिला — आत सोल्डर असं, की डाग दिलाय की थुंकलंय ते कळेना. आणि गॅरेजवाला जितेश हाच कचरा अख्ख्या पेणला विकतो. धाटावच्या कंपनीत वीस वर्षं मोटारी आणि पॅनल सांभाळतोय मी. मी हे विकत घ्यायचं? बल्ब घरीच करणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

झाला! जळक्या बल्बची काच फोडली, पितळी बूड ठेवलं, त्यात बारा लाल एलईडी. एरवी दहा पेटतात, ब्रेक दाबला की आणखी दोन. बाकीचे लोक मागची लाइट मंद ठेवतात आणि ब्रेकची तेवढी भडक. भित्रे! दिसायचं तर कायम दिसावं.

टेबलावर बॅटरीला जोडून ब्रेकची वायर लावून-काढून पाहिली. फरक स्वच्छ कळतो. नमिताला हाक मारली. म्हणाली, दोन्ही सारखंच तर दिसतंय. आमच्या बायकोला लिपस्टिकच्या लालमध्ये आठ लाल दिसतात, हे दिसत नाही.

१९ नोव्हेंबर

शिफ्टमधल्या आदर्शच्या गाडीला बसवला. आता खात्यातले सगळे मागे लागलेत. एकालाही रेझिस्टर म्हणजे काय ते सांगता यायचं नाही, पण बल्ब हवा!

२४ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम जितेशच्या गॅरेजवर गेलो. बल्ब बघून त्याचं तोंड पडेल असं वाटलं होतं. त्याने मला गाडीवर बसवलं, मध्येच कधीतरी ब्रेक दाबा म्हणाला, आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. परत आला तो मान हलवतच.

"भाऊ, उजेड लय हाय. पन तुमी ब्रेक कवा दाबला, ते मागच्याला समजत नाय."

धंदा बसणार म्हणून पोटात दुखतंय, दुसरं काय! नववी नापास माणूस मला दिवे शिकवतो. त्याचा चहासुद्धा न घेता निघालो.

२ डिसेंबर

नागोठण्याच्या अलीकडे आदर्शला एका टेम्पोने मागून जवळजवळ उडवलंच होतं. वर टेम्पोवाल्यानेच त्याला शिव्या घातल्या, ब्रेक दाखवता येत नाही का म्हणून. आदर्श दिवसभर तेच तेच ऐकवत होता, ब्रेक मारला होता हो दादा मी. मारला असशील रे बाबा. टेम्पोवाले मोबाइल बघत गाडी हाकणार, त्याला माझा बल्ब काय करणार? तरी त्याचा चेहरा असा, की जणू मीच टेम्पो चालवत होतो.

८ डिसेंबर, रविवार

नमिताच्या स्कूटरला बसवला. नको म्हणत होती. जुना चालतोय की, कशाला उगीच हात लावता. जुना काढून कचऱ्यात टाकला. घरच्याच माणसांनी वापरला नाही तर कंपनीतले काय म्हणतील? तेव्हापासून फुगून बसलीय. बसू दे.

१३ डिसेंबर

आणखी चौघांच्या गाड्यांना बसवले. जितेश हल्ली मला बघून मान वळवतो.

१६ डिसेंबर, सोमवार

नमिता शनिवारी स्कूटरने जिते गावाला माहेरी गेली होती. काल मी तिथेच जेवायला गेलो, आणि संध्याकाळी दोघं आपापल्या गाडीवर परत निघालो. ती पुढे, मी मागे. अंधार पडत होता. मी तिच्या दिव्याकडेच बघत होतो. कौतुकाने. म्हैस आडवी आली म्हणून तिने ब्रेक मारला. मला कळलंच नाही. तिच्या अंगावर जाईपर्यंत कळलं नाही.

तिचं उजवं मनगट मोडलंय. कोणी ठोकलं ते सगळे विचारतायत — डॉक्टर, तिचा भाऊ, शेजारचे. मी तिथेच उभा असतो. ती सांगते, "कोन व्हता कुनास ठाव. थांबला पन नाय."

आदर्शला फोन करायचाय. अजून केलेला नाही.