बाटलीच्या आतला थर

बाबा, आज टेस्टिंगच्या शेडमध्ये एक जळालेला ब्रेकर आला होता. घरी येऊन तशीच बसले आहे. पाय ठणकतात, स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, पण हे सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

त्या ब्रेकरची पांढरी चिनीमातीची बाटली आम्ही कापली. तुम्ही पुसायचे तसलीच. बाहेरून लख्ख, आत राखाडी चकाकता थर. लाइनवर फॉल्ट झाला की ब्रेकर करंट तोडतो, तेव्हा बाटलीच्या आत ठिणगी पडते, धातूची वाफ होते. ती अडवायला पत्र्याचं कवच असतं, पण लाइन पुन्हा पुन्हा उडाली की थोडी वाफ निसटून चिनीमातीवर बसते. मग जिनं करंट अडवायचा तीच त्याला वाट देते. मी बोट घासून पाहिलं, थर निघेना. आमच्याकडचे जुने वायरमन हसले, "म्याडम, बाहेरून कितीबी पुसा, काय होते?" मला काही हसू आलं नाही.

तुम्ही ऑपरेटर होते त्या सबस्टेशनात शेजारच्या जिनिंगचा कापूस उडून बसायचा. लाइन बंद ठेवायचा शटडाउन मिळाला की तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन एकेक बाटली पुसायचे, आणि दुपारी जेवायला आले की आधी ते फडकं धुवायचे. त्या वर्षी लाइन दिवसातून पाच-पाचदा उडायची आणि साहेब फोनवर म्हणायचे, चालू करा. एक दिवस दुपारनंतर ब्रेकर फुटला. साहेबांनी उभ्या उभ्या ठरवलं, बाटलीवर कापूस होता, ऑपरेटरनं पुसली नाही. पुढं बाटली भंगारात गेली, तुम्ही बदलीवर मुकुटबनला. आत कुणी पाहिलंच नाही.

ब्रेकर फुटला त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी भाकर मोडत होते. मी पॉलिटेक्निकात शिकत होते, मोठी शहाणी! म्हणाले, "पुसली नसन तुम्ही, म्हणूनच झालं." तुम्ही मान वर केली नाही. "पुसली होती वं माय," एवढंच बोलले, अन् अर्धी भाकर ठेवून उठले. त्यानंतर तुम्ही माझ्यापाशी ब्रेकरचं नाव काढलं नाही, मीही विचारलं नाही.

आज रिपोर्टात लिहिलं, ऑपरेटरची चूक नाही. कुठल्या कोणा ऑपरेटरसाठी लिहिलं, बाबा. तुमच्यासाठी लिहायला कुणी नव्हतं. तुम्ही असते तर हातात दिलं असतं; आता हे पत्र मी घडी घालून कपाटात ठेवीन, दुसरं काय करणार.

एक राहिलं. त्या संध्याकाळी कॉलनीतल्या पोरी 'हिच्या बापानं ब्रेकर फोडला' म्हणून मला पाहून हसल्या होत्या, आणि मला कुणावर तरी राग काढायचा होता. मागच्या दारानं आले तेव्हा तारेवर ते दुपारी धुतलेलं फडकं वाळत होतं. मी त्याच्याखालून वाकूनच घरात शिरले होते.