रंग देणाऱ्यांचं नाव

सिंदेवाही,
६ मार्च २०२४

शकुबाईंना अंजनाचा सप्रेम जयभीम.

…त्या सकाळी अंगण झाडून, सडा टाकून झाला होता. चुलीवर आंघोळीचं पाणी होतं आणि मी रीनाची वेणी घालायला बसले, तर आरसा जागेवर नाही. तुमचे भाऊ तो घेऊन पडवीत बसलेले. जुन्या बाजेची चौकट उभी केलेली, तिच्यावर कोसा रेशमाचे उभे धागे ताणलेले, आणि हे धाग्यांच्या पलीकडे हात घालून आरसा धरत होते.

"काऊन जी, पुन्हा नवरदेव व्हायचं हाय का?" मी म्हटलं.

"थांब वो, चित्र तिकडून दिसते. इकडून नुसत्या गाठी."

आणि खरंच, माझ्या बाजूनं ते विणकाम भिजलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. सगळीकडे सुतांची शेपटं लोंबत होती. रीना शाळेत बिनवेणीची गेली. आता ती इथल्याच वाचनालयात कामाला आहे आणि तो राग तिनं अजून सोडलेला नाही.

पत्राची सुरुवात अशी मधूनच झाली, माफ करा. फोन केला की माझा आवाज ऐकताच तुम्ही नातीच्या हाती देता, म्हणून कागद घेतला. इकडे सगळं ठीक आहे. पळस फुलला आहे. गुडघे कुरकुरतात, पण वाचनालयापर्यंत नेतात. पोरीच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले हे तुम्हाला माहीत आहे; आता जाडी पुस्तकंही वाचते. यांना जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी भाकरी दोनच टाकायच्या, हे हाताला अजून सांगावं लागतं.

मागच्या आठवड्यात एका पुस्तकात राजवाड्याचं वर्णन आलं. 'भिंतीवर भलंमोठं गोबेलिन लटकत होतं.' मला वाटलं, घोरपडीसारखं काही असावं. सोमवारी वाचनालयात रीनाला विचारलं. तिनं कपाटावरचा जाडा ज्ञानकोश उतरवला, धूळ माझ्याच अंगावर झटकली आणि म्हणाली, "वाच तूच. मी काऊन सांगू?"

शकुबाई, गोबेलिन म्हणजे भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र. कापडावर सुईनं भरलेलं नाही, छापलेलं तर नाहीच. कापड आणि चित्र एकदमच विणत जायचं. जिथं जो रंग हवा तिथंच तेवढं सूत घालायचं आणि तिथूनच परत फिरवायचं. विणणारा मागच्या बाजूला बसतो आणि पुढचं चित्र आरशात पाहतो. हे वाचलं आणि मी इतक्या मोठ्यानं हसले, की पेपर वाचणाऱ्या मुखरूभाऊंचा चष्मा नाकावरून घसरला. तुमच्या भावाला हे कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. कोसा रेशमाच्या केंद्रात ते साधे पंचे आणि साड्या विणत. उरलेल्या सुतांतून हे त्यांचं त्यांनीच काढलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आतापर्यंत इकडचं-तिकडचंच लिहीत होते.

चार वर्षांपूर्वी यांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही सिरोंच्याहून आलात आणि जाताना म्हणालात, "अंजना, आमच्या देवाजीनं विणलं ते मले दे. त्यात आमची माय हाय." मी म्हटलं, "त्याले उधई लागली, जाळून टाकलं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "लोखंडी पेटीत उधई? तुही उधई पत्रा खाते का वो?" आणि चहा तसाच ठेवून निघून गेलात.

उधई-वाळवी काही लागली नव्हती. ते पेटीतच होतं.

त्या चित्रात मोहाच्या झाडाखाली तुमची माय धान कांडते आहे. शेजारी तुम्ही उभ्या आणि तुमच्या कडेवर तुमचा भाऊ. तीन हिवाळे त्यांनी ते विणलं. चौकटीवरून उतरवलं त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढून पाहिलं आणि विचारलं, "यात मी कुठी?"

ते हसले. "तू तर समोरच हायस. तुले काऊन विणू?"

बोलणं गोडच होतं, पण मला बोचलं. ते गेल्यावर जास्तच बोचलं. तुम्ही मागितलंत तेव्हा मनात आलं, चित्रात तर या आहेतच, आता चित्रही यांनाच द्यायचं? दुःखातली माणसं शहाणी असतात असं म्हणतात. मी नव्हते. एवढंच कारण होतं. तुम्ही दुसरं काही वाईट केलं नव्हतं.

पण त्या ज्ञानकोशात पुढेही लिहिलं होतं. गोबेलिन हे नाव विणणाऱ्याचं नाही, राजाचं नाही. ते एका घराण्याचं आडनाव आहे, आणि ते लोक विणकर नव्हतेच. ते सूत रंगवणारे होते. त्यांच्या जागेत पुढे मोठी विणशाळा निघाली आणि कापडाला त्यांचंच नाव पडलं. काही जाणकार म्हणतात, तिथं विणलेलं तेच खरं गोबेलिन. पण लोक कुठल्याही उत्तम चित्रविणीला तेच नाव देतात.

मी ते तीनदा वाचलं. कारण आमच्या घरी सूत कोण रंगवत होतं? तुमच्या मायच्या लुगड्याचा लाल मी लाखेतून काढला. मोहाखालचं ऊन पळसाच्या फुलांचं. तुमचे केस काळे करायला मी हिरड्याच्या पाण्यात गंजलेले खिळे टाकून आठ दिवस तो वास सोसला. रीना नाक दाबून फिरायची. त्या चित्रात सुताचा एक तुकडा नाही जो माझ्या हातातून गेला नाही. आणि मी चार वर्षं त्यात माझं तोंड शोधत बसले.

पत्र आधी लिहिलं असतं तर तुमच्या उत्तराची वाट पाहत चित्र पेटीतच ठेवलं असतं. मी माझ्या मनाला ओळखते. म्हणून आधी केलं आणि आता लिहिते आहे.

काल, मंगळवारी, मी ते पेटीतून काढलं, उन्हात झटकलं, धुतलेल्या चादरीत गुंडाळून शिवलं आणि पोस्टात जाऊन तुमच्या नावानं सिरोंच्याला पाठवलं.

तुमच्या भावाची रंगारीण,
अंजना