पूजेला बसलेला हरगोल

प्रिय यशवंता,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तू होतास तेव्हा तरी कुठे लिहिलं? नजरबादच्या एका गल्लीत तू, पलीकडच्या गल्लीत मी. हाक मारली की काम भागायचं. पण काल सिद्दप्पा येऊन गेला आणि त्याला उद्या सकाळी उत्तर द्यायचं आहे. असल्या गोष्टी आपल्या तिघांत नेहमी तूच ठरवायचास. आता मी कोणाला विचारू?

माझी शाळा आठवीपर्यंत, तीही कन्नडात. मराठी अक्षरं आईनं घरी गिरवून घेतली तेवढीच. चुकलं तर हसू नकोस. तुझ्याशी कन्नडात बोलायचं म्हटलं की परक्याशी बोलल्यासारखं वाटतं, म्हणून असंच लिहितो.

मी आता हूटगळ्ळीला असतो, मुलाच्या नव्या घरी. सिद्दप्पा बसनं आला, मुलीचा हात धरून. गौरीचा. उंबऱ्याला पाय अडखळला तेव्हा मला वाटलं गुडघा असेल. मग कॉफी दिली, तर त्यानं पेला बघून नाही, चाचपून उचलला.

"रामोजी, शनिवारी नडुगड्ड्याला जाऊ या," तो म्हणाला.

आपलं कावेरीतलं बेट. इतकी वर्षं झाली तरी आपण त्याला कन्नडातल्या साध्या नावानंच हाक मारतो, नदीच्या मधली जमीन. तिथं आता कोणीतरी चार खोल्या बांधल्यात म्हणे. पंखा, गादी, सकाळी इडली. गौरीनं शनिवार-रविवारची जागा धरून ठेवलीय.

"या वयात? तिथं आता काय आहे?" मी म्हटलं.

"नीरनायी आहे."

नीरनायी म्हणजे पाणमांजर. आपल्याबरोबर राहून सिद्दप्पा सगळं मराठी शिकला, शिव्यांसकट, पण प्राण्यांची नावं मात्र त्यानं स्वतःचीच ठेवली.

मग हळूहळू बाहेर आलं. काचबिंदू आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, समोरचं तेवढं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. पुरती जायच्या आत त्याला पाणमांजरं एकदा बघायची आहेत.

"कधीपासून आहे हे?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"आणि मला आज सांगतोस?"

त्यानं पेला चाचपत खाली ठेवला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "यशवंताला ठाऊक होतं. तोच म्हणाला, रामोजीला सांगू नको. सुम्ने, उगाच काळजी करत बसेल, झोपायचा नाही."

का रे यशवंता? मी झोपलो नसतो हे खरं. पण माझ्या झोपेचं एवढं काय मोठं होतं? तुम्ही दोघं दवाखान्यात जात होता आणि मला सांगत होता, मंडईत गेलो होतो. तुझ्या छातीत दुखायचं तेही असंच ठेवलंस. दुपारी जेवून उठलास, हात धुवायला मोरीवर गेलास आणि तिथंच बसलास तो बसलासच. मला वाटलं अचानक झालं. तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, सिद्दप्पालाही. मलाच तेवढं अचानक झालं.

असो. भांडायला तू समोर नाहीस.

मी सिद्दप्पाला म्हटलं, "गौरी नेईल की तुला."

"नेईल. पण बघायचं कुठं ते हिला कुठं कळतं? हिला सगळे पक्षी कावळे."

"अप्पा, मी इथंच बसलेय," गौरी म्हणाली.

"मग काय, खोटं सांगू?" आणि माझ्याकडे वळून, "मला आता सगळीकडे नजर फिरवता येत नाही रे. कोणीतरी सांगायला पाहिजे, इथं बघ, त्या दगडाच्या डावीकडे बघ. यशवंत असता तर तुझ्याकडे आलो नसतो."

मला राग आला, पण तो बरोबर बोलला. बेटावर गेलो की तू बोट दाखवायचास, सिद्दप्पा बघायचा आणि मी दोरी नीट बांधलीय का ते बघायचो. आभाळ भरलंय का, तांदूळ भिजले का, मगर किती लांब आहे. माणूस पंचवीस-तीस वेळा एका जागी जातो आणि काळजीच बघून परत येतो, असा मी. मी त्याला काय दाखवणार? आणि पोहताही येत नाही मला, हे तुला माहीतच आहे.

काल रात्रभर ते पहिलं जाणं आठवत राहिलं. आठवतं ना तुला?

आपण तिघं त्या लेथच्या कारखान्यात होतो, पंचविशीच्या आतबाहेर. आयुधपूजा रविवारी होती, पण मालकानं कारखान्याची पूजा शनिवारीच उरकून घेतली. सकाळभर आपण पाने, फायली, छिन्न्या घासलेटात धुतल्या. लेथला केळीचे खांब बांधले, हळदकुंकू लावलं. दारात कोहळा फोडला तो तुझ्या धोतरावर उडाला. मग मालकानं कडलेपुरीची, म्हणजे चणे-चुरमुऱ्यांची, पुडकी वाटली आणि म्हणाला, विजयादशमीला दिवा ओवाळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. म्हणजे सोमवारपर्यंत सुट्टी. राजवाड्याकडे दसऱ्याची ही गर्दी, आणि तू म्हणालास, "चला, जिथं माणूस नाही अशा जागी जाऊ."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी घरी खांड्याची पूजा आहे. माझ्या पणजोबांची तलवार, इथल्या महाराजांच्या घोडदळातली. वडील गेल्यापासून पूजेला मीच बसायचो.

"उद्या दुपारी परत. तिन्हीसांजेला तू पाटावर," तू म्हणालास. केवढ्या खात्रीनं!

नदीकाठी बसवय्या भेटला, तोच तो नावाडी. त्याचा हरगोल म्हणजे बांबूच्या विणीवर कातडं ताणलेली गोल टोपलीच. ती पाण्यात स्वतःभोवती फिरायला लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सिद्दप्पा म्हणाला, "उघड रे, मेल्यावर मिटायचेच आहेत." बसवय्या हसून हसून वल्हं मारायचा थांबला, त्यामुळे आणखी फिरलो.

संध्याकाळ किती छान गेली. बांबूच्या बनात वटवाघळं उलटी लटकलेली, ओल्या छत्र्या वाळत घातल्यासारखी. अंधार पडायच्या आधी ती सगळी एकदम उठली आणि नदीवरून गेली. पाणकावळे पंख पसरून बसले होते. पलीकडच्या खडकावर मगर होती, जबडा उघडा टाकून. मी भात शिजवला. तुम्ही म्हणालात, खारट आहे. खारट नव्हता.

रविवारी दुपारी आपण सामान बांधून काठावर येऊन बसलो. बसवय्या पलीकडच्या काठावर आला, अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून. हात हलवला. हरगोल मात्र जागचा हलेना. मग नीट बघितलं तर हरगोल वाळूत पालथा घातलेला, वर झेंडूची माळ, हळदकुंकवाचे पट्टे, शेजारी वल्हं उभं, त्यालाही लिंबू बांधलेलं.

तू हाका मारायला लागलास. तिकडून तो ओरडला, "आयुधपूजे, स्वामी! मुट्टबारदु!" हात लावायचा नाही. "नाळे!" उद्या.

आपली हत्यारं पूजेला बसली म्हणून आपण सुट्टीवर आलो होतो. त्याचंही हत्यार पूजेला बसणार, हे तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. हत्यारं म्हणजे लोखंडाची, असंच आपल्याला वाटायचं.

सिद्दप्पा वाळूत लोळून हसत होता. तू म्हणालास, "बिडो, सोड रे, रामोजी. तो चुकला का? नाही. आपण चुकलो का? थोडेसे. मग बस इथं." मी बसलो नाही. मी त्या काठावर येरझाऱ्या घातल्या. आई पाट मांडून वाट बघत असेल, तलवारीला गंध कोण लावेल, आम्ही बुडालो असं घरी वाटलं तर? तू मला कडलेपुरीचं पुडकं दिलंस आणि म्हणालास, "चाव. चावताना माणसाला बोलता येत नाही."

आणि मग ते झालं. उन्हं उतरत होती. तुम्ही दोघं झाडाखाली पडला होता. मी एकटाच पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो, बसवय्याचा विचार बदलतोय का म्हणून. पाण्यावर एक रेघ आली. बाणाच्या टोकासारखी, पुढे अणकुचीदार, मागे फाकत गेलेली. तिच्यामागे दुसरी. मी ओरडलो, "मगर! मगर आली!"

तुम्ही धडपडत उठलात. सिद्दप्पानं एकदा बघितलं आणि माझं तोंडच दाबलं. चार-पाच डोकी वर आली. चपटी, ओली, मिशा असलेली. शीळ घातल्यासारखे आवाज. एक खडकावर चढलं, पुढच्या दोन पायांत मासा धरून, आणि मक्याचं कणीस खावं तसं डोक्याकडून खाल्लं. पिल्लू शेपटाला लोंबकळत होतं. आपण किती वेळ बसलो ते मला ठाऊक नाही. सिद्दप्पाचा हात माझ्या तोंडावरून खाली आला तो खांद्यावर राहिला. तो रडत होता रे. तू ते बघितलंस का? मी बघितलं, पण कधी बोललो नाही.

सोमवारी बसवय्यानं दिवा ओवाळला, माळ काढून नदीत सोडली आणि आपल्याला न्यायला आला. प्रसादाचा नारळही दिला. मी घरी पळत गेलो. आईनं तलवारीची पूजा स्वतः केली होती. आमच्या घरात बाईच्या हातून ती पहिल्यांदा झाली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "आलास ना? मग जेवायला बस." पुढच्या वर्षीपासून पाटावर तीच बसली, मला विचारलंही नाही.

त्यानंतर गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत दर वर्षी आपण जात राहिलो, आयुधपूजेचा दिवस तेवढा चुकवून. लग्नं झाली, पोरं झाली, तरी एक शनिवार-रविवार तो आपला. बसवय्या गेला, त्याचा मुलगा आला, कातड्याच्या जागी प्लास्टिक आलं. पाणमांजरं काही वर्षी दिसली, काही वर्षी नाही. नाही दिसली की सिद्दप्पा परतताना बोलायचा नाही, आणि तू त्याला म्हणायचास, "मला दिसली की. तू लघवीला गेला होतास तेव्हा." तो शिव्या द्यायचा आणि हसायचा. खरं सांग, कितीदा दिसली होती?

हे सगळं लिहिता लिहिता रात्र सरली आणि आज पहाटे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला वाटायचं, मी तिथं काही बघितलंच नाही. पण मगरीच्या भीतीनं सगळ्यात जास्त पाण्याकडे कोण बघत बसायचं? वारा असला की पाणी कसं थरथरतं, मासा उडी मारतो तेव्हा कसं गोल फुटतं, मगर निघते तेव्हा पाणी जवळजवळ हलतच नाही, आणि पाणमांजर येतं तेव्हा ती रेघ कशी येते, हे मला येतं. उगवतीकडच्या सपाट खडकावर माशांचे खवले पडलेले असले आणि उग्र वास येत असला तर ती तिथं येऊन गेलीत, हेही येतं, कारण त्या वासानं मला तिथं जेवण जायचं नाही. कोणी शिकवलं नाही. घाबरता घाबरता शिकलो.

मी सकाळी मुलाला उठवून गौरीला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, "अंकल, खरंच येणार? लाइफ जॅकेट असतं हं." मी दोनदा विचारलं, माझ्या मापाचं असतं का. मग फोन सिद्दप्पाकडे गेला. मी म्हटलं, "येतो. पण वाटेत मला घाबरट म्हणायचं नाही." तो म्हणाला, "भात मात्र तू करू नको."

आता तू ऐक, यशवंता. शनिवारी मी जाणार आहे. गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कोरडे कपडे पिशवीत भरलेत. होडीत बसल्यावर घाबरेन, ते काही माझ्या हातात नाही. पण डोळे उघडे ठेवीन. रविवारी उजाडायच्या आधी त्याला धरून उगवतीकडच्या खडकासमोर बसवीन आणि रेघ आली की त्याची हनुवटी धरून तिकडे वळवीन. आणि एक सांगतो, राग मानू नकोस. ती दिसली नाहीत तर दिसली म्हणून मी सांगणार नाही. लपवलेलं नंतर कळलं की कसं वाटतं ते मला आता ठाऊक आहे. नाही आली तर म्हणेन, "सिद्दा, नाही आली. पाणी रिकामं आहे. आणखी थोडा वेळ बसू." आणि तो उठ म्हणेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहीन, हे तुला वचन.

तुझा,
रामोजी