चातुर्मासाचा नेम आणि विटांचा खेळ

लातूर, आषाढ शुद्ध एकादशी, सायंकाळ

चातुर्मासात सर्वांत प्रिय वस्तू सोडावी, असा आमच्या घरचा नेम आहे. आज हातावर पाणी घेऊन मी मोटारींच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम सोडला. परंतु वर्षभरात मला सर्वाधिक आवडला तो पडत्या विटा रचण्याचा. मग तोच का सोडला नाही?

परवा देवणीचे व्याही त्यात माझा विक्रम मोडून सर्वांदेखत म्हणाले, "गुरुजी, लातुरात कशाचे बी क्लास हायेत. विटा रचायचा एखादा लावा की." सूनबाईसुद्धा हसल्या.

विटा सोडल्या असत्या, तर सराव बुडाला असता. असत्य बोललो, तेही देवाशी. दिवाळीला व्याही येतील, तेव्हा सर्वांदेखतच हरवीन. देव मला क्षमा करील. व्याह्यांना मी करणार नाही.