एका आठीचा खुलासा

ती. स्व. आत्या,

नमस्कार. तब्येत कशी आहे हे पत्राच्या पहिल्या ओळीत विचारतात. पण या वेळी तो प्रश्न साधा राहिलेला नाही, म्हणून तो खाली घेतला आहे. आधी घडलं ते, क्रमानं:

१. गेल्या गुरुवारी सकाळी दहा चाळीसला मॅमोग्राफीच्या खोलीत एक बाई आल्या. वय चोपन्न. सोबत कोणी नाही. काळा चष्मा आत आल्यावरही काढला नाही.

२. एक्स-रेची चार चित्रं घ्यायची होती. एक घेतलं.

३. ते पडद्यावर आलं तेव्हा शिकाऊ तंत्रज्ञाच्या कपाळावर आठी पडली.

४. बाई "पाणी पिऊन येते" म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत.

५. बाईंचा फुलाफुलांचा शर्ट आमच्याकडे राहिला. आमचा गाऊन बाईंच्या अंगावर, लांब स्वेटरच्या आतून, बाहेर गेला.

६. गाऊनच्या खांद्याला शिशाचं एक अक्षर चिकटलेलं होतं. तेही गेलं.

शिकाऊ तंत्रज्ञ मी. बाई तू.

हे पत्र तुझ्या शर्टाच्या घडीत ठेवलं आहे. पोस्टानं सुटं पाठवलं असतं तर काकांनी आधी वाचलं असतं. ते घरातली सगळी पत्रं वाचतात, पण कपड्यांच्या घड्यांना त्यांनी आजवर हात लावलेला नाही. (शर्टाचं तिसरं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं आहे. ते मी शिवलं होतं. त्यामुळे शर्ट कुणाचा, याची चौकशी करावी लागली नाही.)

तपासणी करून घे म्हणून मी तुझ्या मागे दोन वर्षं लागले आहे. गुरुवारी माझे कॉलेजात तास असतात हे मीच तुला सांगितलं होतं, आणि तू नेमका गुरुवार निवडलास. त्या दिवशी शिकवणाऱ्या सरांचा घसा बसला, तास रद्द झाले आणि दार उघडायला मी आले. तू म्हणालीस, "नमस्कार, मॅडम." मी "आत्या" म्हटलं असतं तर तू त्याच पावली परत फिरली असतीस, हे मला तुझ्या चपलांच्या दिशेवरून दिसत होतं. म्हणून मी नाव विचारलं. तू ते असं सांगितलंस की जणू मी बहिरी आहे. मग जन्मतारीख विचारली. त्यात तू दोन वर्षं गाळलीस (कागदावर खरी होती), आणि मी "धन्यवाद, तुम्ही आत बसा" म्हणाले. जिनं मला दात घासायला शिकवलं तिला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. इथं माझी पहिली चूक नोंदवते. नातेवाईक तपासणीला आले तर ते आमच्या मॅडमना आधी सांगावं लागतं. मी सांगितलं नाही.

मॅडम म्हणजे आम्हाला हे काम शिकवणाऱ्या बाई, ज्यांना वर्गात सगळे अर्धा सेंटिमीटर म्हणतात, कारण आम्ही कितीही नीट उभं केलं तरी त्यांना अर्धा सेंटिमीटर कमी पडतो. तीन आठवडे त्यांनी आम्हाला फोमच्या पुतळ्यावर सराव करायला लावला. पुतळ्याचा खांदा हवा तसा सैल असतो, तो श्वास घेत नाही आणि त्याच्याकडे पर्स नसते. तुला मी खांदा सोडा म्हटलं, तर तू पर्स सोडलीस. हनुवटी वर म्हटलं, तर भुवया वर केल्यास. एक हात दांडीवर ठेवा म्हटलं, तर दोन्ही ठेवून तू बसमध्ये उभं राहिल्यासारखी उभी राहिलीस. दाबाची पट्टी छातीवर खाली येताना मात्र तू हूं की चूं केलं नाहीस, याची मी मनात स्वतंत्र नोंद केली.

आता त्या अक्षराचं. कोणती बाजू ते कळावं म्हणून, जिच्यावर चित्र उमटतं त्या प्लेटच्या कडेला आम्ही शिशाचं छोटं अक्षर चिकटवतो, डावीला एक, उजवीला एक. खाली आपली आद्याक्षरं असतात, म्हणजे चूक झाली तर कुणाची ते शोधायला त्रास नको. आमच्याकडे सुरुवात उजवीपासून होते. मी सवयीनं उजवीचं अक्षर लावलं. मग तू पर्स उचलायला वाकलीस, उठलीस ती फिरून, आणि मी समोर आली ती बाजू घेतली. ती डावी होती. शंभर तपासण्या करणाऱ्याकडून ही चूक एकदा होते म्हणतात. माझी ती सतरावी तपासणी होती, म्हणजे मी घाई केली.

काचेआड जाऊन मी चित्र पाहिलं. डावी बाजू आणि कोपऱ्यात उजवीचं अक्षर, त्याखाली माझी आद्याक्षरं, स्वच्छ, ठसठशीत, कुठेही अर्धा सेंटिमीटर कमी नाही. तेव्हा ती आठी पडली. मॅडम शेजारीच होत्या. त्यांना चूक माझ्या आधी दिसली होती, पण त्या सांगत नाहीत, आपली आपल्याला सापडेपर्यंत वाट बघतात. मी बाहेर आले, प्लेटवरचं अक्षर काढलं, ते ठेवायला जागा शोधताना जवळचा खांदा सापडला (तुझा), आणि दुरुस्तीची नोंद करायला मी पाठ फिरवली. नोंद तीन ओळींची होती. तिसरी ओळ संपेपर्यंत तू पाणी प्यायला गेली होतीस.

मॅडम पहिल्याच आठवड्यात चेहऱ्याचा एक तास घेतात. एकीनं पडद्याकडे बघायचं आणि बाकीच्यांनी तिच्या तोंडाकडे बघून पडद्यावर काय आहे ते ओळखायचं. चित्रं कधी साधी असतात, कधी नसतात. एकदा मॅडमनी स्वतःच्या मांजरीचा फोटो लावला होता. (एक मुलगी हसली. तिला तो तास पुन्हा करावा लागला.) माझ्या पाळीला सगळा वर्ग हरला, आणि चेहरा कसा ठेवायचा ते हिच्याकडून शिका, असं मॅडमनी सगळ्यांना सांगितलं. तुला फोनवर हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, त्यात नवल काय, घरात तुला कुलूप उगाच म्हणत नाही. म्हणजे जिच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांत काही उमटलं नाही, तिच्या कपाळावर तुला आठी दिसली. त्यावरून तू जो अर्थ काढलास तो तर्काच्या दृष्टीनं अगदी बरोबर होता. फक्त खरा नव्हता.

तू अर्थ काढला आहेस हे मला सोमवारी कळलं. तोवर मी समजत होते की तू लाजून फोन उचलत नाहीस. सोमवारी काकांना फोन केला तर ते खुशीत होते. तू सगळी कपाटं आवरलीस, प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावलीस, पडदे शेजारणीला देऊन टाकलेस. घर कधी नव्हे ते मोकळं झालं म्हणाले. संध्याकाळी मला तुझं पार्सल मिळालं. आत तुझी चांगली कात्री होती. जिला घरात कुणी हात लावायचा नाही, जिनं कागद कापला म्हणून तू एकदा माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस, ती. सोबत चिठ्ठी, "तुला होईल." मी ती कात्री टेबलावर ठेवली. मग मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं, नात्यापासून कात्रीपर्यंत. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या चुकीनं कुणाला इजा झाली नाही. तुझ्या चेहऱ्यानं झाली."

तेव्हा माझ्या अधिकारात जेवढं आहे तेवढं सांगते. चित्रात काय आहे आणि काय नाही, हे मी सांगू शकत नाही. ते डॉक्टर सांगतात, आणि चारपैकी एका चित्रावरून तेही काही सांगत नाहीत. काही असतं तरी मी हेच वाक्य लिहिलं असतं, नसतं तरी हेच, म्हणून त्यातून काही शोधत बसू नकोस. (तू बसशील. पण लिहून ठेवते.) आठीबद्दल मात्र मी बोलू शकते, कारण ती माझी आहे. ती तुझ्यावर पडली नव्हती. ती एका अक्षरावर पडली होती.

येत्या मंगळवारी दहा चाळीसची वेळ तुझ्यासाठी ठेवली आहे. या वेळी तपासणी मॅडम करतील. मी नात्यातली असल्यामुळे मला हात लावता येणार नाही. कात्री या पार्सलात परत पाठवते आहे. तुझ्याकडे शिवण पडून असेल. पडदे तुझे तू मागून घे, त्यात मी पडणार नाही.

काकांना नमस्कार सांग. पत्राचं सांगू नकोस.

तुझं,
कुलूप

ता. क. पावडर लावून येऊ नकोस. तिचे कण चित्रात पांढरे ठिपके म्हणून दिसतात आणि सगळ्यांची धावपळ होते. "लावलीच नाही" असंही सांगू नकोस. गुरुवारी ती तुझ्या आधी खोलीत आली होती.

ता. क. २. तू फिकट निळा नवा गाऊन आणला आहेस आणि त्याचे बंद पाठीमागे आहेत, आजकाल काय फॅशन निघेल सांगता येत नाही, असं काका म्हणाले. तो आमचा आहे. इस्त्री करायच्या आधी खांद्यावरचं अक्षर काढून घे. उजवीचं अक्षर तुझ्याकडे आहे आणि उजवी बाजूही तुझ्याकडेच आहे. दोन्ही एकदमच घेऊन ये.

ता. क. ३. वर लिहिलं की मी घाई केली म्हणून अक्षर चुकलं. ते पूर्ण खरं नाही. चित्र घेताना मी प्लेटकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. आधीच्या सोळा जणींच्या वेळी प्लेटकडेच बघितलं होतं.

ता. क. ४. मी पाच वर्षांची असताना तू मला इंजेक्शनला नेलं होतंस. तीन म्हटल्यावर टोचतील असं सांगितलंस, मोजायला लागलीस आणि दोनलाच टोचलं. ते मी अजून विसरलेले नाही. पट्टीचा दाब साधारण आठ सेकंद असतो. थोडं दुखतं. तेव्हा कुणीतरी जवळून मोजलं तर बरं पडतं, आणि बाईंची हरकत नसेल तर नात्यातल्या माणसाला शिशाचा एप्रन घालून तेवढ्यासाठी आत थांबता येतं, हे मी मॅडमना विचारून घेतलं आहे. ते माणूस मी असावं अशी माझी विनंती आहे. मी आठपर्यंत मोजेन आणि आठलाच थांबेन. येतेस की नाही, आणि मी आत थांबू की नको, दोन्ही शुक्रवारपर्यंत कळव.