पितृपक्षातला कंटेनर

चिंचवड, ७ सप्टेंबर २०२५

चि. रविराज यास चारुताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. आपला ब्रह्मदेशी उडदाचा कंटेनर उद्या न्हावाशेवाला उतरतो आहे. ‘प्रभावती किराणा’ने थेट बंदरातून मागवलेला हा पहिला माल. आजवर घाऊक व्यापारी आधी मॉलवाल्यांना देत आणि उरलेला आपल्या चौदा दुकानांना. घटस्थापनेला राजगुरुनगरचे पंधरावे उघडायचे आहे. ते मी अर्ध्या रिकाम्या फळ्यांनी उघडणार नाही.

बोट गणपतीत यायची, ती लांबली. तुझ्या भाच्याने, निमिषने, नवी तारीख मोबाइलमध्ये पाहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिली असती तर उद्यापासून पितृपक्ष आहे हे कळले असते. दुकाने सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे माल सोडवायला तुला अधिकारपत्र हवे ते त्यांच्या सहीचे. नव्या कामाची पहिली सही पितृपक्षात करणार नाही, असे त्या म्हणतात. आजच घ्यावी तर ग्रहण. काही वाट आहे का, ते कळव.

तुझी,
चारुताई

उरण, ९ सप्टेंबर

ती. चारुताईस शि. सा. न. वि. वि.

कंटेनर उतरला. इतकी वर्षे लोकांचा माल सोडवतो आहे. कस्टमवाले नाही नाही ते विचारतात, तिथी कधी विचारत नाहीत. सहीला दुसरी वाट नाही. कागद शुक्रवारपर्यंत आला नाही तर आपली पाळी मागे जाईल. दिवाळीचा माल यायला लागला आहे, मग घटस्थापनेआधी ट्रकही मिळणार नाही.

कॉलेजच्या वादविवादात तू भल्याभल्यांना गप्प केलेस, आणि सासूबाईंपुढे हरलीस याची इकडे मौज वाटते आहे. त्यांना माझा नमस्कार सांग, पण तुझ्या नेहमीच्या आवाजात नको.

तुझा,
रविराज

चिंचवड, ११ सप्टेंबर

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद.

मी हरलेले नाही. सही झाली.

वाद घातलाच नाही. काल सासूबाई मामंजींच्या श्राद्धाचे सामान सांगत होत्या. वड्यांच्या उडदापाशी आल्या तेव्हा मी विचारले की, मामंजी आकुर्डीच्या पहिल्या दुकानात सर्वांत जास्त उडीद कधी विकत? त्या म्हणाल्या, याच पंधरवड्यात. घरोघरी श्राद्धाचे वडे. मग विचारले, पितरांच्या पानात वाढायचा जिन्नस बंदरात अडकवून ठेवायचा तो कोणाच्या समाधानासाठी? त्यांनी चष्मा मागितला. सही करताना मला एवढेच म्हणाल्या की, तू फार शिकलीस.

अट एकच, त्रयोदशीला मामंजींचे वडे याच उडदाचे. कागद निमिषबरोबर पाठवते आहे. त्याला जेवू घाल, कौतुक करू नकोस.

तुझी,
चारुताई

चिंचवड, २३ सप्टेंबर

चि. रविराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कौतुक करायचा माझा स्वभाव नाही, पण तू काम चोख केलेस. त्रयोदशीच्या आदल्या दिवशी ट्रक मोशीच्या गोदामात आले. पहिले पोते सासूबाईंनी स्वतः उसवले, दाणा चावून पाहिला आणि हमालांना चहा सांगितला. सालीचे उडीद रात्री भिजवून पहाटे हातांनी साल काढली. माझ्या नखांची दशा विचारू नकोस. वडे मात्र असे झाले की गुरुजींनी तीनदा मागून घेतले.

काल राजगुरुनगरला सकाळपासून रांग होती. फळ्या शिगोशीग भरलेल्या. फीत सासूबाईंनी कापली. माईक हातात आल्यावर भाषण करायचे सोडून उडदाचा भाव सांगितला, आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

आता दर महिन्याला एक कंटेनर. त्याचे अधिकारपत्र तयार करून निमिष घाबरत घाबरत त्यांच्याकडे गेला आणि चांगला दिवस कोणता, असे विचारू लागला. त्यांनी तिथेच सही करून दिली. म्हणाल्या, बोट लागेल तो मुहूर्त.

माया आहेच. उत्तर वेळेवर आले तर ती दाखवेनही.

तुझी,
चारुताई