होकाराचा सराव

३ फेब्रुवारी, सोमवार
बिसेरासाठी नवा मोबाइल फोन आला. मुलगी सहावीत. हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलता येत नाही. मान मात्र पक्की, आणि डोकं त्याहून पक्कं. फोन स्टँडवर ठेवायचा. तो तिच्याकडे बघतो, आणि मान हलली की तिच्या वतीने मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. जूनमध्ये जिल्ह्याची समिती येणार. बिसेराने माझ्या वर्गात राहायचं की समुद्राकाठच्या निवासी शाळेत जायचं, ते समिती ठरवणार. बसने नऊ तास. मी सगळ्यांना सांगितलं, काळजी नको. एकतीस वर्षांत माझ्या वर्गातून एकही मूल गळलेलं नाही. लाल्चो गळला, पण तो स्वतःच्या मर्जीने.

५ फेब्रुवारी
पहिला प्रयोग. विचारलं, इतिहास आवडतो का? बिसेराने मान आडवी हलवली, जोरात. फोन म्हणाला, ‘नाही.’ वर्ग हसला. मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, चूक फोनची. आपल्या देशात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी. फोनचं उलटं, कारण तो बाहेरचा. संगणकाचे ओग्न्यान सर म्हणाले, “द्या इकडे बाई, सेटिंगमध्ये अदलाबदल करतो. दोन मिनिटांचं काम.” नको म्हटलं. दोन मिनिटांत झालेलं काम टिकत नाही. फोन साऱ्या जगासाठी बनवलेला. त्याला आपल्या गावापुरतं का वाकवायचं? मुलगी शिकेल. शाळा त्यासाठीच असते.

६ फेब्रुवारी
ओग्न्यान पुन्हा आले. म्हणाले, “बाई, सोय मुलीसाठी आहे, मुलगी सोयीसाठी नाही.” वाक्य चांगलं आहे. मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावायला सांगितलं.

१० फेब्रुवारी
वेळापत्रक तयार. पहिल्या घंटेआधी रोज चाळीस होकार, चाळीस नकार, जगाच्या पद्धतीने. बिसेराला एकटं वाटू नये म्हणून अख्ख्या वर्गाने करायचं. आज सव्वीस माना एका तालात खाली-वर झाल्या. हेडमास्तर दारातून डोकावले. “सगळे कशाला नकार देताहेत?” असं विचारून उत्तर न ऐकता गेले.

१२ फेब्रुवारी
वर्गातला असेन नावाचा मुलगा वाचताना अक्षराअक्षराला अडखळतो. त्याच्या फोनला धडा वाचून दाखवता येतो म्हणे. परवानगी दिली. मी काही जुन्या वळणाची नाही. अट एकच, आवाज बंद. इअरफोन माझ्या वर्गात चालत नाहीत. असेन तासभर मुक्या फोनकडे बघत बसला. गडबड अजिबात नाही. उपक्रम यशस्वी.

४ मार्च
बिसेराची तोंडी परीक्षा. ऐंशीपैकी एकोणऐंशी. एकच उत्तर चुकलं. प्रश्न होता, सरावाचा कंटाळा आला का? तिने हो म्हटलं.

१९ मार्च
बिसेराचे वडील आले. स्तामेन, लाकडाच्या गिरणीत असतो, आईविना पोर वाढवतो. टोपीसुद्धा न काढता सुरू. “बाई, पोरगी उपाशी झोपली काल! विचारलं, घेवड्याचं सूप आणखी हवं का? तिने मान खाली-वर केली. मी ताटली उचलली. मग भोकाड पसरलं तिने.” मी म्हटलं, घरीही नवी पद्धत सुरू करा. म्हणाला, “माझ्या घरात माझी आई ‘हो’ म्हणायची तसंच ‘हो’ चालणार. जगाला तुमच्या वर्गात बसवा, माझ्या स्वयंपाकघरात नको.” अडाणीपणाशी मी वाद घालत नाही. तोडगा काढला. शाळेत नवी पद्धत, घरी जुनी. बिसेराला विचारलं, जमेल ना? आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग नव्या पद्धतीने हो. दोन भाषा येणारी मुलं हुशार होतात, असं कुठेतरी वाचलं आहे.

२ एप्रिल
बेकरीवालीने विचारलं, “बाई, चीजचा बानित्सा द्यायचा ना?” मी मान खाली-वर हलवली. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दिवसभर उपाशी. संकल्प: बेकरी बदलणे.

२३ मे, शुक्रवार
उद्या अक्षरांचा सण, आपल्या लिपीचा उत्सव. टेबलावर पोरांनी आणलेल्या पिओनीच्या फुलांचा ढीग. बिसेराने फुलांऐवजी वाक्य दिलं. फोन एकेक अक्षर दाखवतो आणि हे हवं का विचारतो. ती हो-नाही करत जाते. चाळीस मिनिटं लागली. पोरं मधल्या सुट्टीतही उठली नाहीत. वाक्य झालं: मला इथेच राहायचंय. शेवटी पूर्णविराम नव्हता. ते दाखवून दिलं.

५ जून, गुरुवार, संध्याकाळी
समिती येऊन गेली. तिघं होती. अध्यक्षबाई मायाळू, केस पांढरे. फोन मी आधीच कपाटात ठेवला होता. पाहुण्यांसमोर टेबलावर फोन असू नये, हा नियम माझाच. शिवाय एवढ्या सरावानंतर हवाय कशाला? नियमाप्रमाणे शिक्षिकेने बाहेर थांबायचं. आत फक्त स्तामेन. दाराच्या काचेतून बघितलं. अध्यक्षबाईंनी वाकून काहीतरी विचारलं. बिसेराने मान आडवी हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा आडवी, खुर्ची हलेल इतकी. माझा ऊर भरून आला. इतका स्वच्छ नकार मी आयुष्यात पाहिला नव्हता.
मग स्तामेन बाहेर आला, डोळे पुसत. “बाई, तिला जायचंय हो. मला वाटलं, मला सोडून जाणार नाही. पण दोनदा विचारलं त्यांनी, समुद्राकाठच्या शाळेत जायचंय का, दोन्हीदा हो म्हणाली. मी सही केली. मग केवढी रडली! त्या म्हणाल्या, आनंदाने.”

६ जून
ओग्न्यान सरांना घेऊन मी जिल्ह्याच्या कचेरीत गेले. पद्धतशीर समजावलं, शाळेच्या आणि घरच्या होकार-नकारांचा तक्ता दाखवला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “मान आडवी हलवली आणि तो नकार? आपल्या देशात?” म्हटलं, हो, शाळेत नकार, घरी होकार. त्यांनी बराच वेळ तक्ता वाचला. मग म्हणाल्या, “मुलीचा होकार कोणता आणि नकार कोणता हेच जिथे कळत नाही, तिथे तिला ठेवायचं कसं? तज्ज्ञांकडेच जाऊ द्या.” आणि तक्ता फाइलला जोडून घेतला. परतीच्या बसमध्ये ओग्न्यान माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसले. तरुण माणसांना अपयश पचत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
बिसेरा आज गेली. वर्गातली सगळी पोरं बसथांब्यावर होती, सुट्टी असून. ओग्न्यान सरांनी फोनचं सेटिंग बदलून दिलं. खरंच दोन मिनिटं लागली. फोन बॅगेत, बॅग बसच्या पोटात. स्तामेनने मला नमस्कार केला नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी बिसेराजवळ गेले आणि स्पष्ट विचारलं, माझ्यावर रागावली आहेस का?
तिने खूप वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. आडवी, एकदाच.
शाळेच्या पद्धतीने, नाही. घरच्या पद्धतीने, हो.
बसथांबा शाळेच्या हद्दीत येतो का, हे उद्या हेडमास्तरांना विचारायला हवं.